उसाचं बिल एकरकमी, दुधाचं दहा दिवसांनी. मग एसआयपीची तारीख कुठली धरायची?

आजरा_घनसाळ

बचतीवरचं काहीही वाचायला घ्या, सुरुवात ठरलेली: पगार झाला की आधी बचत बाजूला काढा. पण करवीर, कागल, शिरोळ, पन्हाळा या तालुक्यांत कितीतरी घरांत महिन्याचा पगार नसतोच. उसाचं बिल हंगामात एकदम येतं आणि दुधाचं दर दहा दिवसांनी. बिल जमा झाल्याचं कळलं की घराघरात चार सल्ले सुरू होतात: भिशी, पतसंस्था, गुजरी (सराफ बाजार), आणि आता मोबाईलवरचा शेअर बाजार.

माझा प्रश्न असा. दोन-अडीच एकर ऊस, दोन म्हशी, नोकरी कुणाला नाही. खर्च भागून ३-४ लाख उरत असतील, तर या घरानं ते कसे लावावेत? आणि दुधाच्या पैशातून एसआयपी (ठरल्या तारखेला म्युच्युअल फंडात ठरावीक हप्ता) करायची तर तारीख कुठली धरायची? ‘जाणकारांना विचारा’ एवढंच उत्तर नको, म्हणून तर इथं विचारायलोय.

शाहूपुरीकर

कुठं ठेवायचे ते नंतर. आधी कधी लागणार ते लिहा, समोर कॅलेंडर घेऊन. मटणाचे वाटे घालतात तसे पैशाचे वाटे घालायचे.

वाट्यांच्या आधी कर्ज. सोसायटीचं पीक कर्ज बहुतेक वेळा बिलातूनच वजा होतं. होत नसेल तर ते पहिलं भागवा. ३ लाखांपर्यंतचं पीक कर्ज मुदतीत फेडलं तर पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेमुळं ते बिनव्याजी पडतं. मुदत चुकली की सवलत गेली. ठेव मोडायला नको म्हणून हे कर्ज थकवणाऱ्याचा दोन्हीकडून तोटा.

पहिला वाटा जून-जुलैपर्यंतचा: खत, शाळेची फी, घराची डागडुजी. हा लिक्विड फंडात (अगदी थोड्या मुदतीच्या रोख्यांत पैसे ठेवणारा म्युच्युअल फंड) किंवा ९१ दिवसांच्या ट्रेझरी बिलात. लिक्विड फंडात पहिले ६ दिवस अगदी थोडा एक्झिट लोड (लवकर काढल्याचा आकार) लागतो, सातव्या दिवसापासून काही नाही. काढायला सांगितलं की पैसे पुढच्या कामकाजाच्या दिवशी खात्यावर. बऱ्याच फंडांत ५०,००० किंवा शिलकीच्या ९० टक्के, यातलं जे कमी असेल तेवढं लगेच मिळायची सोय आहे.

दुसरा वाटा पुढच्या हंगामाच्या बिलापर्यंतचा. कारखान्यानं ऊस आल्यापासून १४ दिवसांत एफआरपी (सरकारनं ठरवलेला उसाचा किमान दर) द्यावी, उशीर झाला तर १५ टक्के व्याज द्यावं, असं १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो. तरी घरचा हिशेब त्या १४ दिवसांवर बांधू नका. अपेक्षित तारखेच्या पुढं ३ महिने पुरेल इतका हा वाटा जाड ठेवा. जागा: बँकेची एक वर्षाची ठेव किंवा ३६४ दिवसांचं ट्रेझरी बिल.

तिसरा वाटा किमान ७ वर्षं न लागणारा. शेअर बाजारात फक्त हाच जातो.

हुपरीकर

चौथा वाटा चांदीचा. चांदीच्या गावाचं, हुपरीचं, नाव घेतल्याशिवाय धागा पुढं जाऊ देणार नाही. 😊

कळंब्याची_पेरू

ट्रेझरी बिल म्हणजे सरकारला दिलेलं उसनं ना? ते आपल्यासारख्याला घेता येतं?

शाहूपुरीकर

येतं ताई. रिझर्व्ह बँकेनं नोव्हेंबर २०२१ मध्ये ‘रिटेल डायरेक्ट’ नावाचं संकेतस्थळ सुरू केलंय. पॅन, आधार, मोबाईल, ई-मेल आणि बँक खातं एवढ्यावर खातं उघडतं, वर्षाची फी नाही. ९१, १८२ आणि ३६४ दिवसांची बिलं, कमीत कमी १०,००० ची. लिलाव साधारणपणे बुधवारी असतो, म्हणून मंगळवारपर्यंत बोली टाकून पैशाची तजवीज करायची. व्याज वेगळं येत नाही. १०० चं बिल समजा ९८.६० ला मिळतं आणि मुदत संपली की १०० खात्यावर जमा होतात.

अडचण एकच: मधेच मोडायचं म्हटलं तर लहान रकमेला गिऱ्हाईक मिळवणं कटकटीचं. म्हणून खर्चाची तारीख पक्की असेल तरच.

तालमीतला

एवढं सगळं करण्यापरीस भिशी काय वाईट हाय? गल्लीतली माणसं, तोंडओळख न्हाय तर तीन पिढ्यांची ओळख. अडल्यानडल्याला एका रात्रीत लाख रुपये उभं राहत्यात. बँकेत गेलं की ‘सिबिल दाखवा’. भिशीला नावं ठेवणाऱ्यांनी आधी हे सांगावं.

करवीरकन्या

नावं ठेवायची नाहीत दादा, पण हिशेब मांडूया. कारण भिशीचा व्याजदर चालकालासुद्धा सांगता येत नाही.

लिलाव भिशी घ्या. २० जण, महिन्याला ५,०००, म्हणजे १ लाखाची भिशी. पहिल्या महिन्यात एकजण १९,००० सोडून ८१,००० उचलतो. ते १९,००० वीस जणांत वाटले की प्रत्येकाला ९५० सूट, म्हणून त्या महिन्याचा हप्ता ४,०५०. पुढं सूट दर महिन्याला हजारानं कमी होत गेली असं धरा: १८,०००, १७,०००, आणि शेवटच्या महिन्यात शून्य. हप्ता ४,०५० पासून ५०-५० नं वाढत शेवटी ५,००० होतो. वीस महिन्यांचे सगळे हप्ते मिळून ९०,५००.

शेवटी उचलणाऱ्यानं ९०,५०० भरून १ लाख घेतले. ९,५०० चा फायदा, पण हप्ते टप्प्याटप्प्यानं भरलेत, म्हणून दर काढला तर सरळव्याजानं वर्षाला जवळपास १४ टक्के. पहिल्यांदा उचलणाऱ्याला कर्जही तेवढ्याच, म्हणजे १४ टक्क्यांच्या आसपास पडलं.

आता चालकानं महिन्याला २ टक्के, म्हणजे २,००० घेतले असं धरा. माणशी १०० रुपये वाढले. शेवटच्या माणसाचे एकूण हप्ते ९२,५००, फायदा ७,५००, आणि १४ चे झाले साडेदहा.

हे साडेदहा टक्के कशाबद्दल मिळतात तेही बघा. आधी उचललेल्या एकोणीस जणांनी बिनतारण घेतलेलं कर्ज शेवटपर्यंत फेडावं, ही जोखीम शेवटच्या माणसाच्या डोक्यावर असते. दहाव्या महिन्यानंतर दोघांनी हप्ते थांबवले की त्याचा फायदा संपून मुद्दल कापलं जातं.

तालमीतला

ताई, हिशेब मान्य. एवढं उलगडून कुणी सांगितलं नव्हतं. पण मग भिशी कुणी लावायची?

करवीरकन्या

ज्याला नक्की कर्ज लागणार आहे आणि दुसरीकडं १४ टक्क्यांच्या आत मिळत नाही, त्यानं. सोनं घरात असेल तर आधी सोनेतारण कर्जाचा दर विचारून या, बँकेत तो बऱ्याचदा कमी पडतो. बचत म्हणून शेवटपर्यंत थांबायचं असेल तर १९८२ च्या चिट फंड कायद्याखाली नोंदलेलीच भिशी घ्या. तिथं चालकाला अनामत ठेवावी लागते आणि त्याचं कमिशन ७ टक्क्यांच्या वर जाऊ शकत नाही. बिननोंदणीच्या भिशीत पैसे अडकले तर हातात फक्त वही राहते.

बिंदूचौक

पतसंस्थेचा मुद्दा मागं राहिला, आणि आपल्याकडं तोच सगळ्यात मोठा. पाटीवर ‘सहकारी’ दिसलं की लोक बँक आणि पतसंस्था एकच समजतात.

बँकेतल्या ठेवीला, मग ती नागरी सहकारी असो की जिल्हा मध्यवर्ती, डीआयसीजीसीचा (रिझर्व्ह बँकेच्या ठेव विमा महामंडळाचा) विमा असतो. ४ फेब्रुवारी २०२० पासून मर्यादा ५ लाख, त्याआधी १ लाख होती. यात मुद्दल आणि व्याज दोन्ही आलं, आणि एकाच बँकेच्या सगळ्या शाखांतल्या ठेवी एकत्र धरतात. राजारामपुरीत ४ लाख आणि लक्ष्मीपुरीत ४ लाख असं एकाच बँकेत ठेवलं तर विमा ५ चाच. पण नवऱ्याचं एकट्याचं खातं, बायकोचं एकटीचं आणि दोघांचं संयुक्त, या तिन्हींना वेगवेगळे ५ लाख मिळतात.

पतसंस्थेच्या ठेवीला हा विमा नाही. अर्धा-एक टक्का जादा व्याज मिळतं ते त्यासाठीच.

तरी ठेवायचेच असतील तर वार्षिक अहवाल मागा. सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते, त्याआधी तो छापलेला असतो. त्यात तीन आकडे बघा. ऑडिट वर्ग: ‘अ’ मिळत होता आणि यंदा ‘ब’ झाला असेल तर का ते विचारा. थकबाकीची टक्केवारी: मागच्या दोन वर्षांपेक्षा वाढली का? आणि संचालक व त्यांच्या नातेवाइकांकडची येणी, ही बहुतेक वेळा शेवटच्या पानांवर बारीक अक्षरात असतात. सभासदाला सहकार कायद्याच्या कलम ३२ नं कागद बघायचा हक्क आहे. सभेत ‘मंजूर, मंजूर’चा गजर सुरू व्हायच्या आत हे वाचून झालेलं असावं.

पन्हाळ्याची_वाट

शेवटचं वाक्य फ्लेक्सवर छापून दसरा चौकात लावायला पाहिजे.

कळंब्याची_पेरू

सोन्याचं सांगा आता. गुरुपुष्य आला की घरात कुणाचं काही चालत नाही.

हुपरीकर

सोनं घ्या, पण दागिना आणि गुंतवणूक यांच्या पावत्या वेगळ्या ठेवा. सोपा आकडा धरू: २२ कॅरेटचा दर १० ग्रॅमला १ लाख. १० ग्रॅमचा दागिना, मजुरी १२ टक्के. सोनं १,००,०००, मजुरी १२,०००, वर ३ टक्के जीएसटी ३,३६०. बिल १,१५,३६०. दुसऱ्या दिवशी मोडायला गेलात आणि २ टक्के घट धरली तर हातात ९८,०००. म्हणजे सोन्याचा दर १७.७ टक्क्यांनी वाढेल तेव्हा कुठं मुद्दल निघतं. मजुरी १८ टक्के असेल तर हिशेब आणखी लांबतो.

वेढणी किंवा नाणं घेतलं तर मजुरी नाममात्र असते, जीएसटी मात्र चुकत नाही. गोल्ड ईटीएफमध्ये (सोन्यात पैसे लावणारा, शेअरसारखा घेता-विकता येणारा फंड) मजुरी नाही, घट नाही, घेताना जीएसटी नाही. वर्षाचा खर्च आणि ब्रोकरचं कमिशन जातं, आणि डीमॅट (शेअर-फंड ठेवायचं खातं) लागतं. ४ लाखांपर्यंतची शिल्लक असलेल्या बेसिक डीमॅट खात्याला वर्षाची फी नाही, तेव्हा ते उघडताना बेसिक आहे का ते विचारून घ्या.

कोल्हापुरी साज घेणाऱ्यांसाठी खास. साजाची पानं आणि मणी आतून पोकळ असतात, त्यात लाख भरलेली असते. काट्यावर दिसतं ते लाखेसकट वजन. पावतीवर एकूण वजन आणि निव्वळ सोन्याचं वजन असे दोन रकाने लिहून घ्या, मजुरी निव्वळ वजनावर लावली का ते बघा. हॉलमार्कसोबतचा सहा अक्षर-अंकांचा ओळख क्रमांक, एचयूआयडी, दुकानातच बीआयएस केअर ॲपमध्ये टाका. दागिन्याचा प्रकार आणि शुद्धता दिसते. ती पावतीशी जुळली की मगच पैसे.

साज गळ्यात घालण्यासाठी घ्यावा. तो आनंद १७ टक्क्यांत बसवू नये.

गुळाचा_रवा

लांबून बघितलं तर गूळ आणि शेअर यांत फार फरक नाही असं मार्केट यार्डात ऐकायला मिळतं: भाव पडला की ठेवा, चढला की विका. फरक मोठा आहे. गूळ हवेतलं पाणी ओढतो. पावसाळा लागला की रवा (गुळाची ढेप) पाझरायला लागतो, रंग काळपटतो आणि प्रत उतरते. म्हणून मे संपायच्या आत तो कोल्ड स्टोरेजला जातो आणि भाडं सुरू होतं. ‘थांबलो की भाव मिळेल’ हे गुळात भाडं आणि घट वजा करूनच खरं.

शेअरला भाडं नाही. मात्र एकाच कंपनीचा शेअर गुळासारखाच पाझरू शकतो, कायमचा. म्हणून नवख्यानं इंडेक्स फंड घ्यावा, म्हणजे ठरलेल्या यादीतल्या सगळ्या कंपन्यांचे शेअर घेणारा फंड. निफ्टी ५० मध्ये पन्नास कंपन्या असतात आणि सहा-सहा महिन्यांनी यादी तपासली जाते. खराब झालेला रवा बाहेर, नवा आत. ही निवड करायला आपल्याला यार्डात उभं राहावं लागत नाही.

तालमीतला

म्हाराज, गुळावरनं निफ्टी समजला. नाद खुळा!

आता एक सांगा. पोरं ऑप्शन-ऑप्शन करायल्यात. हजाराचं दहा हजार होत्यात म्हणं.

शाहूपुरीकर

शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीनं सप्टेंबर २०२४ मध्ये तीन आर्थिक वर्षांचा हिशेब छापला. फ्युचर्स-ऑप्शनमध्ये व्यवहार करणाऱ्या व्यक्तींपैकी ९३ टक्के तोट्यात, सगळ्यांचा मिळून तोटा १.८ लाख कोटींच्या वर. कारण सोपं आहे. ऑप्शन म्हणजे ठरल्या भावानं घ्यायचा किंवा विकायचा मुदतीचा हक्क. विकत घेतलेल्या ऑप्शनची किंमत बाजार जागेवर थांबला तरी रोज झिजते, आणि प्रत्येक व्यवहाराला दलाली, एसटीटी (व्यवहारावरचा कर), जीएसटी लागतो. भाऊ असो नाहीतर भाचा, त्याला ब्रोकरच्या ॲपमधून ‘टॅक्स पी अँड एल’ अहवाल काढायला लावा आणि खर्चाचा रकाना मोठ्यानं वाचायला सांगा.

टेलिग्रामवर ‘खात्रीशीर परतावा’ म्हणणाऱ्याचं तर ऐकूच नका. सेबीच्या नोंदणीकृत सल्लागाराला परताव्याची हमी द्यायला बंदी आहे. पैसे गेलेच तर त्याच तासात १९३० ला फोन.

आजरा_घनसाळ

सगळ्यांचे आभार. वाटे, भिशी, सोनं समजलं. पण दुधाच्या बिलाच्या तारखेचं अजून राहिलंच की! आणि तिसरा वाटा, समजा ३ लाख, बाजारात एकदम घालायचा की थोडा थोडा?

करवीरकन्या

तारखेचं मी सांगते. दुधाचं बिल १ ते १०, ११ ते २०, २१ ते महिनाअखेर असं तीनदा निघतं आणि संस्थेकडून खात्यावर यायला काही दिवस जातात. पासबुकातल्या मागच्या सहा बिलांच्या जमा तारखा लिहा. सगळ्यात उशिराची धरा आणि तिच्यापुढं ३ दिवस सोडा. बिल १४ च्या सुमाराला पडत असेल तर एसआयपी १७ ची.

एकाच योजनेत तीन एसआयपी लावता येतात: हजार-हजारच्या ७, १७ आणि २७ तारखांना. साप्ताहिक एसआयपी इथं जुळत नाही, कारण बिल सात दिवसांनी येत नाही. ई-मँडेट (हप्ता खात्यातून आपोआप कापायची परवानगी) एकच पुरतं, फक्त त्याची मर्यादा हप्त्यापेक्षा मोठी ठेवा. मंजुरीला काही दिवस लागतात, म्हणून पहिली तारीख पुढच्या महिन्याची द्या.

खात्यात पैसे नसतील तर फंड दंड घेत नाही, बँक घेते, आणि तो हप्त्याच्या मानानं बोचतो. लागोपाठ तीन हप्ते चुकले की एसआयपी बंद पडते.

सगळ्यात महत्त्वाचं म्हशीचं कॅलेंडर. म्हैस आटली की दोन-तीन महिने बिल निम्म्यावर येतं. व्यायची तारीख माहीत असतेच. आटवायच्या आधी पंधरा दिवस ॲपमधून एसआयपी ‘पॉज’ करा, ती सोय बहुतेक फंडांत १ ते ३ महिन्यांची असते. दोन म्हशी एकदम आटणार नाहीत असं बघता आलं तर उत्तमच, पण ते काम फंडवाल्याचं नाही. 😊

गुळाचा_रवा

‘भाकड काळात एसआयपी पॉज’ हे कुठल्याच फंडाच्या जाहिरातीत दिसणार नाही. लई भारी.

शाहूपुरीकर

३ लाखांचं. ते एका फंड कंपनीच्या लिक्विड योजनेत घाला आणि तिथून त्याच कंपनीच्या इंडेक्स फंडात एसटीपी (ठरावीक रक्कम आपोआप हलवायची सोय) लावा: आठवड्याला ६,०००, पन्नास आठवडे. दोन्ही योजना एकाच कंपनीच्या लागतात, नाहीतर एसटीपी होत नाही. ‘डायरेक्ट’ प्लॅन निवडा, त्यात एजंटाचं कमिशन नसतं. महिन्याला ५,००० वीस वर्षं भरले, १२ टक्के धरले तर साडेएकोणपन्नास लाखांच्या जवळ होतात. कमिशनपोटी १ टक्का कमी पडला तर सव्वात्रेचाळीस. फरक सहा लाखांच्या वर. १२ हा आकडा हिशेबापुरता, हमी नव्हे.

बिंदूचौक

इथं मी वेगळं म्हणेन. बाजार पडण्यापेक्षा चढण्याचे काळ जास्त असतात, त्यामुळं पैसे एकदम घातलेले बहुतेक वेळा पुढं राहतात. पन्नास आठवडे ताटकळण्याची किंमत असते.

शाहूपुरीकर

सरासरीत तुमचं बरोबर आहे. पण जानेवारी २००८ मध्ये २१,००० ला शिवलेला सेन्सेक्स मार्च २००९ मध्ये ८,२०० च्या आसपास होता. २३ मार्च २०२० ला तर एका दिवसात ३,९३४ अंशांनी पडला. वर्षात एकदाच पैसे येणाऱ्या घरानं नेमके अशाच हंगामात सगळे घातले, तर घरचे घाबरून तळाला विकायला लावतात, आणि मग पुन्हा बाजारात पाऊल टाकत नाहीत. पगारदाराला पुढच्या महिन्यात स्वस्तात घ्यायला दुसरा पगार असतो, उसवाल्याला नसतो. म्हणून पहिल्या वर्षी तरी एसटीपी. दोन-तीन पडझडी बघून झाल्या की एकदम घालायला माझी हरकत नाही.

बिंदूचौक

पुढच्या महिन्याच्या पगाराचा मुद्दा पटला. पहिल्या वर्षासाठी मान्य.

कळंब्याची_पेरू

आणि कर? उसाला नाही ना?

बिंदूचौक

उसाचं उत्पन्न शेतीचं, त्याला प्राप्तिकर नाही. पण त्या पैशावर मिळालेल्या व्याजाला आहे. दुसरं उत्पन्न करपात्र असेल तर दर ठरवताना शेतीचं उत्पन्नही हिशेबात धरतात, म्हणून विवरणपत्रात ते दाखवा. दुधाचं उत्पन्न मात्र कायद्यानं शेतीचं नाही, धंद्याचं. दोन म्हशींवर कर बसण्याइतका नफा राहत नाही, पण दहा-पंधरांचा गोठा असेल तर पेंड, चारा, डॉक्टर यांच्या पावत्या जपा. इंडेक्स फंड वर्षानंतर विकला तर वर्षाला सव्वा लाखापर्यंतच्या नफ्यावर कर नाही, वर १२.५ टक्के. वर्षाच्या आत विकला तर २० टक्के.

आजरा_घनसाळ

आता वहीत उतरवलं. कर्ज, मग तीन वाटे, एसटीपी ५० आठवडे, दुधाची एसआयपी ७, १७, २७, आटायच्या आधी पॉज. पीपीएफ (पोस्टात-बँकेत उघडतात ते भविष्य निर्वाह निधीचं खातं) कुठं बसवू?

करवीरकन्या

तिसऱ्या वाट्यातच, आणि उसाच्या बिलाला तो फार छान जुळतो. पीपीएफचं व्याज महिन्याच्या ५ तारखेपासून अखेरपर्यंतच्या सगळ्यात कमी शिलकीवर धरतात. बिल फेब्रुवारी-मार्चमध्ये आलं तर पैसे लिक्विडमध्ये ठेवा आणि १ ते ५ एप्रिलच्या दरम्यान एकरकमी भरा, वर्षाला जास्तीत जास्त दीड लाख. बाराही महिन्यांचं व्याज मिळतं. चेक देणार असाल तर तो ५ च्या आत वटला पाहिजे, म्हणून मार्च संपतानाच पोस्टातून स्लिप आणून भरून ठेवा. १ एप्रिलला बँका वार्षिक हिशेबासाठी बंद असतात, आणि मधे रविवार आला तर हातात तीनच दिवस उरतात.